दहा मीटरच्या रेंजसाठी क्रोनोग्राफ कोणता घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये आपली दहा मीटरची, आठ लेनची एअर रायफल रेंज आहे आणि मुलांच्या रायफलींचा वेग, म्हणजे नळीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याचा वेग, तपासण्यासाठी क्रोनोग्राफ हे वेग मोजणारे उपकरण घ्यायचे आहे. टेक्सासमधील आपले मेव्हणे स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. त्यांचे म्हणणे असे की रडारच घ्या, बाकी सगळे जुने झाले. त्यांच्याकडे पडून असलेला दोन सेन्सरांचा जुना ऑप्टिकल क्रोनोग्राफ ते दिवाळीला येताना आणायलाही तयार आहेत. रडार घ्यावा, जुना आणवावा, की बाजारात मिळणारी स्वस्त नळीची उपकरणे पुरतील, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मेव्हण्यांचा सल्ला त्यांच्या कामापुरता अगदी बरोबर आहे. मात्र त्यांचे काम वेगळे आणि आपले वेगळे, आणि हा फरक लक्षात न घेता उपकरण निवडले तर पैसे जास्त जाऊनही हवे ते उत्तर मिळेलच असे नाही. म्हणून उपकरणांची यादी बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट ठरवावी : वेगातील किती बारीक फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे?

दहा मीटरच्या स्पर्धेतील छर्रा साधारण ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो आणि चांगली रायफल तो सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते. हवेचा रोध बाजूला ठेवला तर या वेगाने दहा मीटर अंतर कापताना छर्रा गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १६ ते १७ मिलिमीटर खाली येतो. वेग कमी झाला की तो हवेत जास्त वेळ राहतो आणि आणखी खाली येतो. हिशेब केला तर सेकंदाला १ मीटर वेगाच्या फरकाने लक्ष्यावर साधारण ०.१८ मिलिमीटर उंचीचा फरक पडतो. रायफलच्या लक्ष्यावर दशांश गुणांची प्रत्येक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते. म्हणजे १ मीटरचा फरक एका दशांशाच्याही आत राहतो, परंतु ५ मीटरचा फरक तीन-साडेतीन दशांश खाऊन टाकतो. ज्या स्पर्धेत ६० गोळ्यांमध्ये ६५४ पैकी गुण मोजले जातात आणि अंतिम फेरीतील प्रवेश कित्येकदा दशांशावर ठरतो, तिथे ही बाब किरकोळ नाही. यावरून आपली गरज स्पष्ट होते : सेकंदाला १ मीटरचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक फरक विश्वासाने दाखवणारे उपकरण आपल्याला पुरेसे आहे.

आता मेव्हण्यांचे काम पाहू. .३०८ कॅलिबरची १७५ ग्रेन (साधारण ११ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघते आणि त्यांना ती १,००० यार्डांवर मारायची असते. तिथे सेकंदाला ९ मीटरचा फरक पडला तर गोळी वीतभर वरखाली जाते. त्यामुळे बारुदाचे वजन, कवचाच्या गळ्याची गोळीवरची पकड, प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) यांत बदल करत ते प्रमाण विचलन, म्हणजे गोळीगणिक वेग सरासरीपासून किती पसरतो त्याचे माप, सेकंदाला ३ मीटरच्या आसपास किंवा त्याखाली आणण्याच्या मागे असतात. शिवाय त्यांच्यासाठी वेग हा सुरक्षिततेचा इशाराही असतो, कारण काडतुसातील दाब घरी मोजता येत नाही. पण भरणीच्या तक्त्यात दिलेल्यापेक्षा वेग बराच जास्त आला तर दाबही मर्यादेपलीकडे गेल्याची शंका घेऊन तिथेच थांबावे लागते. म्हणून त्यांना वेगाचा आकडा मुळातूनच खरा हवा असतो. आपल्याला तसा तो बहुतेक वेळा लागत नाही. (ओघात एक खुलासा : आपल्याकडे काडतुसे भरण्याचे काम शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याशिवाय करता येत नाही, आणि .२२ रिमफायरचे काडतूस तर मुळात पुन्हा भरण्याजोगेच नसते. त्यामुळे तो सगळा व्यवहार टेक्सासमध्येच राहू द्यावा.)

आकडा खरा असणे आणि आकडा सुसंगत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी नोकरीत तोफखान्यात शिकलो आणि पुढे एअर रायफलींच्या दुरुस्तीत रोज उपयोगात आणले. तोफेची नळी झिजत गेली की तिचा वेग घटतो. एकाच बॅटरीतल्या, म्हणजे तोफांच्या एकाच तुकडीतल्या, दोन तोफांचा वेगही सारखा नसतो. म्हणून प्रत्येक तोफेचा वेग मोजून त्यानुसार दुरुस्ती करावी लागते, आणि तिथे आकडा खराच असावा लागतो, कारण पुढचे सगळे गणित कोष्टकावर अवलंबून असते. दहा मीटरवर असे कोणतेही कोष्टक वापरायचे नसते, कारण नेमबाज साइट (नेम धरण्याचे साधन) फिरवून आपल्या गोळ्यांचा गट मध्यावर आणतो. क्रोनोग्राफने रायफलचा वेग १७३ दाखवला आणि प्रत्यक्षात तो १७४ असला तरी बिघडत नाही, मात्र आज १७३ दाखवणाऱ्या उपकरणाने पुढच्या महिन्यातही त्याच रायफलला १७३ च दाखवले पाहिजे.

ऑप्टिकल क्रोनोग्राफचे गुणदोष या नजरेने पाहिले की त्याच्याविषयीची पुष्कळशी बदनामी विरून जाते. त्यात एकामागे एक ठेवलेले दोन प्रकाश-सेन्सर असतात. वरून गोळी गेली की तिची सावली पहिल्यावर पडते, घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावर पडते, घड्याळ थांबते. स्वस्त प्रकारात दोहोंतील अंतर एक फूट, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर असते. कारखान्यात हे अंतर १ मिलिमीटरने चुकले असेल तर प्रत्येक आकडा ०.३३ टक्क्यांनी चुकेल, पण तो कायम त्याच बाजूला चुकेल, म्हणून एकाच उपकरणावर केलेल्या तुलनेत ही चूक आपोआप निघून जाते. खरी डोकेदुखी दुसरी आहे. सावली सेन्सरला नेमकी कोणत्या क्षणी जाणवते यात प्रत्येक गोळीगणिक थोडा फरक पडतो. हा फरकही १ मिलिमीटर धरला तर छर्ऱ्यासाठी ती चूक सेकंदाला ०.६ मीटरची होते, आणि .३०८ च्या गोळीसाठी तीच अडीच मीटरच्या वर जाते. म्हणजे मेव्हण्यांचे प्रमाण विचलन प्रत्यक्षात ३ असेल तर एक फुटाचे उपकरण त्यांना ते ४ दाखवेल, आणि उपकरणाच्या चुकीला बारुदाची चूक समजून ते भरणी बदलत बसतील. आपल्या रायफलचे खरे विचलन १ असेल तर तेच उपकरण १.२ दाखवेल, आणि तेवढ्याने आपला कोणताही निर्णय बदलणार नाही. छर्रा एक फुटासाठी जवळपास पावणेदोन मिलिसेकंद घेतो, तर ती गोळी ०.३९ मिलिसेकंदात निघून जाते; संथ गोष्ट मोजणे नेहमीच सोपे असते. याच कारणाने जुने जाणकार सेन्सरांमधील अंतर वाढवत असत, कारण अंतर दुप्पट केले की ही चूक निम्मी होते. ओहलर कंपनीच्या ३५-पी या प्रसिद्ध उपकरणात तर तिसरा सेन्सर देऊन त्याच गोळीचा वेग दोनदा मोजण्याची सोय होती, जेणेकरून दोन्ही आकडे जुळले नाहीत तर ती नोंद सरळ टाकून देता यावी.

आपल्या शेडमध्ये ऑप्टिकल उपकरणाचा खरा शत्रू आहे तो प्रकाश. हे यंत्र मोकळ्या आकाशाखाली वापरण्यासाठी बनवलेले असते. ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमधून त्याहूनही जलद लहर येते, आणि मग क्रोनोग्राफ एकतर काहीच दाखवत नाही, नाहीतर एखाद्या साध्या रायफलचा वेग ३०० च्या वर दाखवतो. मुले हे पाहून खूश होतात, हा भाग वेगळा. यावर उपाय कठीण नाही. प्लायवूडची, दोन्ही टोके उघडी असलेली एक पेटी करून तिला आतून काळा मॅट रंग द्यावा, वरच्या बाजूला आतून एलईडीची पट्टी लावून तिच्याखाली दुधी ॲक्रिलिक बसवावे, आणि ती पट्टी घरातल्या विजेच्या अडॅप्टरवर न चालवता १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावी. मध्ये डिमर अजिबात लावू नये, कारण बहुतेक डिमर प्रकाश मंद करण्यासाठी तो झपाट्याने चालू-बंदच करत असतात. पेटी नळीच्या तोंडापासून १ मीटरवर ठेवावी आणि ते अंतर जमिनीवर रंगाने आखून ठेवावे, कारण बोथट तोंडाचा स्पर्धेचा छर्रा दर मीटरमागे सेकंदाला साधारण दीड मीटर वेग गमावतो. एकदा १ मीटरवर आणि एकदा २ मीटरवर मोजले तर जो फरक शोधायचा तो या घोटाळ्यातच बुडून जाईल. रायफल स्टँडवर पक्की बांधावी, म्हणजे प्रत्येक छर्रा सेन्सरवरून त्याच उंचीवरून जाईल. पेटी तिरकी राहिली तर छर्ऱ्याला वाट लांब पडते आणि वेग कमी दिसतो, मात्र ५ अंश तिरके असूनही ही चूक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते, तेव्हा त्याची फार धास्ती नको. धास्ती असावी ती छर्रा पेटीवर आदळून परत येण्याची. चाचणीच्या वेळी डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि पहिली गोळी झाडण्यापूर्वी छर्ऱ्याची वाट सेन्सरच्या पुरेशी वरून जाते ना, हे नळीच्या रेषेत पाहून घ्यावे.

आता रडार. डॉप्लर रडार गोळीच्या मागून किंवा बाजूने रेडिओ लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारितेतील बदलावरून वेग काढतो. गोळी कशावरून नेण्याची गरज नाही, प्रकाशाचा संबंध नाही, रायफलला काही बांधावे लागत नाही. २०२३ मध्ये आलेल्या गार्मिन झीरो सी-१ प्रो या लहानशा उपकरणाने हँडलोडिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे काडतुसे स्वतः भरणाऱ्यांच्या, जगात मोठी उलथापालथ केली ती यामुळेच. बाजारात आला तेव्हा ६०० डॉलरच्या आसपास किंमत, सेकंदाला १०० ते ५,००० फूट अशी मर्यादा, आणि टेबलावर ठेवून बटण दाबले की काम सुरू. एअर रायफल या मर्यादेत आरामात बसते, कारण आपला वेग फुटांत ५६० ते ५७५ च्या आसपास असतो. त्याआधीचा लॅबरडार नावाचा रडार अचूक होता आणि आहेही, पण तो बंदुकीच्या आवाजाने जागा होतो. एअर रायफलच्या दबक्या आवाजासाठी त्याला वेगळा मायक्रोफोन लागतो, आणि शेजारच्या लेनवर कोणी गोळी झाडली तर तो आपल्या आधीच सुरू होतो. आठ लेनच्या शेडमध्ये, त्यातून श्रावणातल्या पावसात वरचा पत्रा वाजत असताना, अशा उपकरणाशी झुंजण्यात अर्थ नाही. रडार घ्यायचाच तर आवाजावर सुरू न होणारा घ्यावा. एफएक्स कंपनीचा खिशात मावणारा रडार खास एअर रायफलसाठी आहे आणि आकडे मोबाइलवर दाखवतो. तोही विचारात घेण्यासारखा आहे. ४.५ मिलिमीटरचा छर्रा हे रडारसाठी अगदी लहान लक्ष्य असते, म्हणून कोणत्याही रडारच्या माहितीपत्रकात एअर रायफलचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते आधी पाहावे.

नळीला पट्ट्याने बांधायचे मॅग्नेटोस्पीडसारखे चुंबकीय उपकरण आपल्या कामाचे नाही. नळीच्या टोकाला वजन लटकवून गट तपासता येत नाही आणि लहानशा शिशाच्या छर्ऱ्यासाठी ते मुळात घडवलेलेही नाही.

नळीची स्वस्त उपकरणे, म्हणजे ज्यांच्या आत स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश असतो आणि छर्रा आतून जातो ती, बहुतांशी एअरसॉफ्टच्या (खेळातल्या नकली बंदुकांच्या) ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्यांसाठी बनतात. बाहेरच्या प्रकाशाचा त्यांना त्रास नाही, ही त्यांची मोठी सोय आहे. परंतु सेन्सरांमधील अंतर काही सेंटिमीटरचेच असल्यामुळे वर सांगितलेली सावलीची चूक त्यांत कितीतरी पटींनी वाढते. रायफल गळते आहे का, इतके त्यांवर कळते. १ मीटरचा फरक त्यांना विचारू नये.

उपकरण कोणतेही असो, आकडे वाचण्याची पद्धत बिघडली तर ते व्यर्थ जाते, आणि माझ्या मते खरेदीपेक्षा इथेच जास्त गफलत होते. पाच गोळ्या झाडायच्या, विचलन काढायचे आणि रायफल चांगली की वाईट ते ठरवायचे, ही सर्रास दिसणारी रीत आहे. पाच गोळ्यांवरून काढलेले विचलन १ आले तर खरे विचलन ०.६ पासून २.९ पर्यंत कुठेही असू शकते. दहा गोळ्या घेतल्या तर ही व्याप्ती ०.७ ते १.८ वर येते, वीस घेतल्या तर ०.७६ ते १.४६ वर. छर्रे स्वस्त आहेत, वीस झाडा. त्यातही सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतला फरक पाहून दोन रायफलींची तुलना करायची असेल तर दोन्हींच्या गोळ्यांची संख्या सारखीच ठेवा, कारण हा फरक गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जातो : पाच गोळ्यांत तो विचलनाच्या सरासरी २.३ पट असतो, विसांत ३.७ पट.

आणि सरासरीच्या आधी क्रम वाचा. अर्धा तास नुसती ठेवलेली एक रायफल उचलली आणि आकडे आले १७९.१, १७४.६, १७४.२, १७४.९, १७४.४, तर यांची सरासरी १७५.४ ही निरर्थक आहे. पहिली गोळी साडेचार मीटरने पुढे आणि बाकी सगळ्या एका ओळीत, याचा अर्थ रेग्युलेटर, म्हणजे गोळीमागचा हवेचा दाब स्थिर ठेवणारा भाग, रायफल नुसती ठेवलेली असताना दाब चढवतो आहे. त्याच्या आतली सीट किंवा ओ-रिंग बदलायला झाली. लक्ष्यावर ही गोळी पाऊण मिलिमीटरहून जास्त वर जाते. सरावात लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या मुलाला हे कधीच कळत नाही, पण फायनलमध्ये प्रत्येक गोळीआधी थांबावे लागते आणि तिथे तोच मुलगा स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो. वेग गोळीगणिक हळूहळू उतरत असेल तर रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेलेला असतो. आकडे वरखाली विखुरलेले असतील आणि त्यात कसलाही क्रम नसेल तर आधी छर्ऱ्यांचा डबा बदलून पाहावा, मग हॅमर स्प्रिंग आणि व्हॉल्व्हकडे वळावे. स्प्रिंगच्या जुन्या रायफलीत नुकतेच तेल घातले असेल तर पहिल्या काही गोळ्या जोरात जातात, कारण दाबाच्या उष्णतेने तेलाची वाफ पेटते. त्या नोंदी सोडून द्याव्यात.

खरा आकडा लागतो असा आपल्याकडचा एकच प्रसंग म्हणजे कायद्याची मर्यादा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा साधारण ८ ज्यूल भरते. २० ज्यूल गाठायला त्याला २७५ मीटर वेग हवा. स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या जवळपासही नसतात, म्हणून इथेही १ टक्क्याची चूक चालून जाते.

या सगळ्याचा विचार करून माझे मत असे की मेव्हण्यांना जुना ऑप्टिकल क्रोनोग्राफ जरूर आणायला सांगावे. त्याच्याबरोबर सेन्सरांवर प्रकाश सारखा पसरवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या आणि त्यांच्या काड्या येतील असे पाहावे, कारण बहुतेकांकडे नेमके तेच हरवलेले असते. पेटी, पट्टी आणि बॅटरी यांचा खर्च एका चांगल्या शूटिंग ग्लोव्हच्या आसपास येईल आणि आपल्या आठ लेनचे काम त्यावर भागेल. रडार आपण पुढे .२२ काडतुसांच्या रायफलची ५० मीटर नेमबाजी सुरू करणार असाल तर घ्यावा. तिथे वेग ३२० ते ३३० मीटर असतो, बाहेरच्या रेंजवर ऊन आणि ढग बदलत राहतात, आणि एकेका लॉटची (एकाच वेळी बनलेल्या खेपेची) काडतुसे तपासून निवडणे हाच मुख्य उद्योग असतो. एलीसारखी कंपनी तर डब्यावर लॉट क्रमांकाबरोबर वेगही छापते, तेव्हा आपला रडार त्या आकड्याच्या किती जवळ येतो हे आयतेच पडताळता येते. वर्षातून मोजक्या वेळी लागणाऱ्या यंत्रासाठी सीमाशुल्कासह पन्नास हजारांहून अधिक रुपये एकट्याने घालण्यापेक्षा शहरातल्या दोन-तीन रेंजांनी मिळून एक घेतला तर मला ते अधिक शहाणपणाचे वाटते.

रडार हे रेडिओ लहरी सोडणारे उपकरण आहे, त्यामुळे ते परदेशातून मागवताना दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेच्या मान्यतेचा प्रश्न येतो. भारतातल्या विक्रेत्याकडून घेत असाल तर बिलाबरोबर त्या मान्यतेची प्रत मागून घ्यावी. मेव्हण्यांच्या बॅगेत येणार असेल तर निघण्यापूर्वीच त्यांनी कस्टम्सचे नियम पाहून ठेवावेत आणि खरेदीची पावती सामानात ठेवावी. ऑप्टिकल क्रोनोग्राफ लहरी सोडत नाही, त्याला ही अडचण नाही; फक्त त्यातली ९ व्होल्टची बॅटरी काढून आणायला सांगा आणि इथे नवीन घाला, कारण उतरलेल्या बॅटरीवर हे उपकरण बंद पडण्याआधी काही काळ चुकीचे आकडे दाखवत राहते.